वाचकांचे प्रश्न : मांचू गेले, पण राज्य कुणाच्या हाती आलं?

मागच्या अंकात १९११च्या चिनी क्रांतीवर, म्हणजे मांचू वंशाच्या राजघराण्याची सत्ता संपवणाऱ्या उठावावर, लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रं घोषणा, पुढारी आणि विचारसरणीबद्दल विचारतात. उत्तरं देताना आम्ही वारंवार दोनच गोष्टींकडे वळलो आहोत: तिजोरी कुणाकडे होती आणि बंदुका कुणाच्या हुकमात होत्या. त्या काळातली बरीचशी कोडी तिथे सुटतात.

प्रश्न : वूचांगचा उठाव एका बाँबच्या अपघातातून झाला असं वाचलं. एवढं मोठं साम्राज्य अपघाताने कसं कोसळेल? आणि सन यत-सेन तेव्हा कुठे होते?

अपघात खराच झाला. ९ ऑक्टोबर १९११ रोजी हानकोमधल्या रशियन वसाहतीतल्या एका घरात बाँब तयार करताना स्फोट झाला आणि सुन वू हा क्रांतिकारक भाजला. रशियन पोलिसांनी झडती घेतली तेव्हा झेंडे, शिक्के आणि सभासदांच्या याद्या सापडल्या. त्या चिनी अधिकाऱ्यांच्या हाती गेल्या. नदीपलीकडच्या वूचांगमध्ये त्याच रात्री धरपकड झाली आणि १० तारखेच्या पहाटे तिघांचा शिरच्छेद झाला. आता यादीत नाव असलेल्या प्रत्येक शिपायापुढे एकच हिशेब उरला: बराकीत बसून राहिलो तर पुढचा नंबर आपला.

त्या संध्याकाळी आठव्या अभियांत्रिकी बटालियनमध्ये गोळी सुटली. शिपायांनी सगळ्यात आधी चूवांगताईचं शस्त्रागार गाठलं. संशय आल्यापासून वरिष्ठांनी त्यांच्याजवळचा दारूगोळा काढून घेतला होता, त्यामुळे त्याशिवाय पुढे जाणंच शक्य नव्हतं. नंतर शहराबाहेरचा तोफखाना आत आणला आणि राज्यपालाच्या कचेरीवर तोफा डागल्या. राज्यपाल रुईचेंग मागच्या भिंतीतून निसटून नदीतल्या गनबोटीवर पळाला. सकाळपर्यंत वूचांग पडलं आणि दोन दिवसांत हानयांग व हानकोही. हानयांगला शस्त्रांचा मोठा कारखाना होता, म्हणून तो विजय शहरापेक्षा मोठा ठरला.

अपघाताने ठरली ती फक्त तारीख. याद्या एवढ्या लांब का होत्या, हे खरं पाहायला हवं. १९०५ मध्ये सरकारी परीक्षांची जुनी पद्धत बंद झाल्यावर लिहितावाचता येणाऱ्या तरुणांना नोकरीचा रस्ताच उरला नाही. त्यातले अनेकजण नव्या पद्धतीच्या सेनेत साधे शिपाई म्हणून भरती झाले. वूचांग ज्या हूबेई प्रांतात आहे, त्याच्या या सेनेत साधारण पंधरा हजार लोक होते, आणि तृतीयांशाच्या आसपास लोक कुठल्या ना कुठल्या गुप्त संघटनेत होते. त्यातल्या एका संघटनेने 'साहित्य संघ' असं निरुपद्रवी नाव घेतलं होतं. मांचू सरकारने राज्य वाचवायला जी सेना उभी केली, तीच उलटली.

उठाव झाला तेव्हा पुढारीच जागेवर नव्हते: कुणी जखमी, कुणी पकडलेले, कुणी लपलेले. शिपायांनी ली युआनहोंग या ब्रिगेड कमांडरला बंदुकीच्या धाकाने लष्करी राज्यपाल केलं आणि जाहीरनामे त्याच्या नावाने काढले. (त्याला पलंगाखालून ओढून काढल्याची कथा फार रंगवली जाते. तिच्याशिवायही भागतं.) क्रांतिकारकांचे पुढारी सन यत-सेन अमेरिकेत डेन्व्हरला होते आणि त्यांना ही बातमी वर्तमानपत्रात दिसली. ते तिथून थेट चीनला निघाले नाहीत. आधी युरोपात गेले, कारण परदेशी बँकांनी मांचू सरकारला नवं कर्ज देऊ नये ही खटपट त्यांना जास्त तातडीची वाटली. शांघायला ते २५ डिसेंबरला पोहोचले.

प्रश्न : रेल्वेचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून राष्ट्रवादी भडकले, हे उलटं नाही का वाटत?

वाटतं खरं, पण 'राष्ट्रीयीकरण' या शब्दाने फसू नका. परदेशी कंपन्यांकडून रेल्वेचे हक्क परत मिळवायचे म्हणून सिच्वानमध्ये १९०४ पासून प्रांताची स्वतःची कंपनी होती. तिचं भांडवल शेअरबाजारातून आलं नव्हतं. जमिनीच्या उत्पन्नातून सक्तीने हिस्सा कापला जाई आणि बदल्यात शेअर मिळत. म्हणजे खेड्यातला साधा जमीनधारकही भागधारक झालेला होता. काम मात्र फारसं पुढे सरकलं नव्हतं. त्यातच शांघायमधल्या रबर-शेअरच्या सट्ट्यात कंपनीचे तीसेक लाख तैल बुडाले. (तैल म्हणजे चांदीचं वजन, साधारण ३७ ग्रॅम.)

९ मे १९११ ला सरकारने मुख्य मार्ग ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. २० मे रोजी दळणवळण मंत्री शेंग श्वानहुआय यांनी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका यांच्या बँकांशी ६० लाख पौंडांच्या कर्जाचा करार केला. लोकांनी अकरा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन बातम्या जोडून वाचल्या: आमच्याकडून घेतलं आणि परक्यांकडे गहाण टाकलं. भरपाईही प्रांताप्रांतात वेगळी होती. सिच्वानला सांगितलं गेलं की प्रत्यक्ष कामावर खर्च झालेल्या रकमेचाच विचार होईल, सट्ट्यात बुडालेले पैसे सरकार देणार नाही. हिशेबाच्या दृष्टीने सरकार चूक नव्हतं. राजकारणाच्या दृष्टीने मात्र हा वेडेपणा होता, कारण त्याच महिन्यात नेमलेल्या तेरा जणांच्या मंत्रिमंडळात हान वंशाचे, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांपैकी, फक्त चारजण होते.

आंदोलनाची युक्ती दाद देण्यासारखी होती. लोकांनी घरोघरी दिवंगत क्वांग-श्यू सम्राटाच्या नावाची पाटी लावली आणि दोन्ही बाजूंना त्याच्याच फर्मानातली वाक्यं लिहिली: राज्यकारभार लोकमतापुढे मांडावा, सिच्वानची रेल्वे व्यापाऱ्यांनी चालवावी. पाटी उखडायची तर शिपायालाच राजद्रोह करावा लागणार! ७ सप्टेंबरला राज्यपाल झाओ अरफेंगने पुढाऱ्यांना अटक केली आणि चेंग्दूमध्ये कचेरीपुढे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. तारयंत्र सरकारच्या ताब्यात होतं, तेव्हा क्रांतिकारकांनी लाकडी फळ्यांवर बातमी लिहिली, तुंग तेल लावून त्या नदीत सोडल्या आणि खालच्या गावांना उठावाची हाक पोहोचवली. लोक त्यांना 'पाण्याची तार' म्हणत.

सिच्वान आवरायला सरकारने सैन्य पाठवलं ते हूबेईमधून. वूचांगची शिबंदी त्यामुळे कमी झाली, आणि महिनाभरात वरच्या उत्तरातला प्रकार घडला.

प्रश्न : सन यत-सेन १ जानेवारी १९१२ ला अध्यक्ष झाले आणि दीड महिन्यात पद सोडलं. युआन शी-कायवर त्यांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला, असं म्हणावं का?

भाबडेपणा म्हटलं की विषयच संपतो. २९ डिसेंबरला सतरा प्रांतांच्या प्रतिनिधींनी मतदान केलं आणि सनना त्यातली सोळा मतं मिळाली. निवड स्पष्ट होती, पण नव्या सरकारची राजधानी असलेल्या नानजिंगच्या तिजोरीत पैसा नव्हता. देशाचं सर्वांत भरवशाचं उत्पन्न म्हणजे जकात, आणि ती परदेशी अधिकाऱ्यांच्या हाती होती. क्रांतीनंतर ती रक्कम परदेशी बँकांत जमा होऊन आधी जुन्या कर्जांकडे वळती होऊ लागली. ओझंही साधं नव्हतं. बॉक्सर उठावानंतर परदेशांशी झालेल्या १९०१च्या करारातला दंड ४५ कोटी तैल, ४ टक्के व्याजाने ३९ वर्षांत फेडायचा. व्याज धरून तो ९८ कोटींच्या वर जात होता. नानजिंगच्या सैन्याचे पगार थकले. हानयेपिंग या लोखंड-कोळसा कंपनीत जपानी भागीदारी घेऊन कर्ज काढायचा बेत झाला, पण स्वतःच्याच लोकांनी ओरड केल्यावर तो सोडावा लागला.

समोर मांचू सरकारचा पंतप्रधान युआन शी-काय होता. त्याच्याकडे उत्तरेतलं 'बेयांग' कवायती सैन्य होतं, ज्याने २७ नोव्हेंबरला हानयांग परत जिंकलं होतं, आणि परदेशी वकिलातींचा भरवसाही. मग सौदा ठरला: त्याने मांचूंना गादीवरून उतरवायचं, अध्यक्षपद त्याचं. जानेवारीच्या अखेरीस त्याच्या चाळीसहून अधिक सेनानींनी प्रजासत्ताकाची मागणी करणारी तार केली. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या सम्राट पूयीच्या वतीने राजमाता लाँगयू यांनी राजत्यागाचं फर्मान काढलं. बदल्यात राजघराण्याला वर्षाला ४० लाख तैल, पदवी कायम, आणि तूर्त राजवाड्यातच मुक्काम. हा 'तूर्त' १९२४ पर्यंत लांबला.

सननी अटी घातल्या होत्या: राजधानी नानजिंगला, शपथविधी नानजिंगला, आणि तात्पुरती राज्यघटना पाळायची. त्यामागे युआनला त्याच्या सैन्यापासून लांब आणण्याचा डाव होता. २९ फेब्रुवारीला बीजिंगमध्ये युआनच्याच पलटणींनी बंड करून लूटमार केली. उत्तर सोडणं धोक्याचं आहे असं सांगायला त्याला आयतं निमित्त मिळालं, आणि १० मार्चला शपथ बीजिंगमध्येच झाली. बंड त्यानेच घडवलं का, यावर अजून वाद आहे. फायदा कुणाचा झाला यावर नाही.

पुढची पायरी अधिक बोलकी आहे. निवडणुकीत कुओमिंतांग हा सन यत-सेन यांचा राष्ट्रवादी पक्ष सर्वांत मोठा ठरला. पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या सोंग जियाओरेनना २० मार्च १९१३ ला शांघायच्या रेल्वे स्थानकावर गोळ्या घातल्या गेल्या आणि दोन दिवसांनी ते वारले. एप्रिलमध्ये युआनने संसदेला न विचारता पाच देशांच्या बँकांकडून अडीच कोटी पौंडांचं कर्ज उचललं, मिठाच्या करावर. सूट कापून हाती आले सुमारे दोन कोटी दहा लाख. तेवढ्यात सैन्य पोसलं गेलं आणि उन्हाळ्यात युआनविरुद्ध झालेली 'दुसरी क्रांती' दोनेक महिन्यांत चिरडली गेली.

प्रश्न : या क्रांतीत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला का?

नाही. ऑगस्ट १९१२ मध्ये तुंगमेंगहुई ही सन यत-सेन यांची क्रांतिकारक संघटना आणि काही छोटे पक्ष मिळून कुओमिंतांग झाला, तेव्हा या पक्षांना सोबत घेण्यासाठी स्त्री-पुरुष समानतेचं कलम गाळलं गेलं. तुंगमेंगहुईच्या सुरुवातीच्या सभासद तांग च्युनयिंग यांनी भर सभेत सोंग जियाओरेन यांच्या थोबाडीत मारली. कलम परत आलं नाही.

प्रश्न : 'तार्तरांना हाकला' अशी शपथ घेणाऱ्यांनी लगेच पाच रंगांचा ध्वज कसा उभारला? हा राष्ट्रवाद वंशाचा होता की देशाचा?

दोन्ही होता, आणि ती फट शेवटपर्यंत बुजली नाही. तुंगमेंगहुईची स्थापना २० ऑगस्ट १९०५ ला तोक्योत झाली. तिच्या शपथेत चार गोष्टी होत्या: तार्तरांना (म्हणजे मांचूंना) हाकला, चीनचं पुनरुत्थान करा, प्रजासत्ताक स्थापन करा, जमिनीच्या हक्कांत समानता आणा. पहिलीवर गर्दी जमायची, चौथीवर सभासदांतही कुजबुज व्हायची. वंशद्वेषाची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर १९११ मध्ये शीआनच्या मांचू वस्तीत हजारो माणसं मारली गेली, बायकामुलांसह. गौरवगाथांत हे पान गाळलेलं असतं.

मांचू गेल्यावर प्रश्न उभा राहिला तो नकाशाचा. मंगोलिया, तिबेट आणि शिनजियांग हे मांचू सम्राटाशी बांधलेले होते, हान लोकांशी नव्हे. राज्य फक्त हानांचं म्हटलं, तर या प्रदेशांवर दावा कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून 'पाच वंश, एक प्रजासत्ताक' ही घोषणा आली. ध्वजाचे पट्टे वरून खाली असे: तांबडा हान, पिवळा मांचू, निळा मंगोल, पांढरा मुस्लिम, काळा तिबेटी. मंगोलियाने डिसेंबर १९११ मध्येच आपली वेगळी वाट जाहीर केली होती.

यात मराठी वाचकाला रस वाटावा असा एक दुवा आहे. तुंगमेंगहुईचं मुखपत्र 'मिनबाओ' झांग बिंगलिन चालवत. शांघायच्या तुरुंगात तीन वर्षं काढून ते १९०६ मध्ये तोक्योला आले होते. एप्रिल १९०७ मध्ये तिथल्या हिंदी मंडळींनी शिवाजी महाराजांचा स्मरणोत्सव केला. झांग त्याला हजर राहिले आणि त्यांनी 'मिनबाओ'त त्याची हकिकत लिहिली. जपानी मुत्सद्दी ओकुमा यांनी तिथे इंग्रजांना दोष न देण्याचा उपदेश केला, तो झांगना मुळीच रुचला नाही. मांचूंना परके राज्यकर्ते मानणाऱ्या माणसाला मोगलांविरुद्ध स्वराज्य उभारणारा राजा जवळचा वाटावा, हे साहजिक आहे. पण त्याच वर्षी त्यांनी हिंदी क्रांतिकारकांबरोबर आशियाई ऐक्याची संघटनाही उभी केली, म्हणजे त्यांची नजर मांचूंपुरती थांबलेली नव्हती.

प्रश्न : वेणी कापणं सक्तीचं होतं का?

१६४५ पासून ठेवणं सक्तीचं होतं, मार्च १९१२ पासून कापणं. नानजिंगच्या हुकमात मुदत वीस दिवसांची होती. खेड्यांत तो बराच काळ कागदावर राहिला. झांग शून या सेनापतीने आपल्या फौजेच्या वेण्या मुद्दाम राखल्या आणि जुलै १९१७ मध्ये पूयीला पुन्हा गादीवर बसवलं. तो खेळ बारा दिवस टिकला.

प्रश्न : ४ मे १९१९चं आंदोलन व्हर्सायच्या अन्यायाविरुद्ध होतं, एवढंच ना? मग विद्यार्थ्यांनी चिनी मंत्र्याचंच घर का जाळलं?

कारण कागदावर चिनी सही होती. क्रमाने पाहू. १९१४ मध्ये जपानने शांडोंगमधला जर्मन तळ घेतला. १८ जानेवारी १९१५ ला त्याने युआनपुढे पाच गटांत मिळून एकवीस मागण्या ठेवल्या. ७ मेला निर्वाणीचा खलिता आला, आणि ९ मेला युआनने पाचवा गट वगळून बाकीच्या मान्य केल्या. हा दिवस पुढे राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणून पाळला गेला. युआनने त्या डिसेंबरात सम्राट व्हायचा घाट घातला, त्याविरुद्ध युन्नान प्रांत उठला, मार्चमध्ये त्याने माघार घेतली आणि ६ जून १९१६ ला तो मेला. नंतरच्या बीजिंग सरकारने जपानकडून १४.५ कोटी येनची कर्जं घेतली. सप्टेंबर १९१८ मध्ये तोक्योतले चिनी राजदूत झांग झोंगशियांग यांनी शांडोंगबाबतच्या जपानी अटींना 'आनंदाने संमती' असं लिहून दिलं. चीनने पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ४० हजार मजूर पाठवले होते, त्या बळावर पॅरिसच्या शांतता परिषदेत युक्तिवाद चालू होता. हा कागद पुढे आल्यावर त्यातली हवाच गेली.

४ मेला तेरा शाळा-महाविद्यालयांतले तीन हजारांवर विद्यार्थी त्येनआनमनला जमले. वकिलातींच्या भागात त्यांना शिरू दिलं नाही, म्हणून मोर्चा जपानधार्जिणा मंत्री त्साओ रुलिनच्या घराकडे वळला. तो निसटला, घर पेटलं, आणि तिथे सापडलेल्या झांग झोंगशियांगला मार बसला. अटक झालेले बत्तीस. सरकार विद्यार्थ्यांपुढे नमलं नाही. ५ जूनपासून शांघायमध्ये दुकानं आणि गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कुठे १० जूनला त्साओ, झांग आणि चलन खात्याचा प्रमुख लू झोंगयू यांना काढलं. २८ जूनला चिनी शिष्टमंडळाने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. शांडोंग परत मिळालं ते १९२२ मध्ये, वॉशिंग्टन परिषदेतल्या वाटाघाटींतून.

प्रश्न : कम्युनिस्ट कुओमिंतांगमध्ये होते म्हणतात. दोन पक्ष एकमेकांत कसे असू शकतात?

युती पक्षांची नव्हती. कम्युनिस्टांनी एकेकट्याने कुओमिंतांगचं सभासदत्व घ्यायचं आणि आपला पक्षही ठेवायचा, अशी रचना होती. जुलै १९२१ मध्ये शांघायला पक्ष स्थापन झाला तेव्हा देशभरात पन्नासेक सभासद होते, त्यामुळे सननाही त्यात धोका दिसला नाही. त्यांना सोव्हिएत मदत हवी होती. जानेवारी १९२३ मध्ये सोव्हिएत दूत योफ्फेबरोबर संयुक्त निवेदन निघालं, जानेवारी १९२४ मध्ये ग्वांगचौला पक्षाचं पहिलं अधिवेशन झालं, आणि जूनमध्ये व्हांपोआची लष्करी शाळा उघडली. पैसा, बंदुका आणि सल्लागार रशियाचे, शाळेचे प्रमुख चँग कै-शेक. स्वतःच्या हुकमातलं सैन्य नसल्याचं १९१२चं दुखणं सननी अखेर असं दूर केलं. मार्च १९२५ मध्ये ते वारले.

जुलै १९२६ मध्ये उत्तरेची मोहीम निघाली आणि वसंतापर्यंत यांगत्सेचं खोरं हाती आलं. आता सैन्य चँगच्या ताब्यात होतं, आणि शांघायचे सावकार पैसे द्यायला तयार होते, पण संप करणाऱ्यांना आवरा या अटीवर. १२ एप्रिल १९२७ ला शांघायमध्ये कत्तल सुरू झाली. वूहानमधल्या (वूचांग, हानको आणि हानयांग मिळून) कुओमिंतांगच्या डाव्या गटाबरोबर कम्युनिस्ट आणखी तीन महिने टिकले. तिथे कोमिन्टर्नचे, म्हणजे मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे, प्रतिनिधी होते मानवेंद्रनाथ रॉय. जमिनी घ्या, कामगार-शेतकऱ्यांचं वेगळं सैन्य उभारा, अशा आशयाची स्टालिनची गुप्त तार आली. जूनच्या सुरुवातीला रॉयनी ती या डाव्या गटाचे पुढारी वांग जिंगवेई यांना विश्वासात घेण्यासाठी दाखवली. वांगना त्यातून स्वतःचीच गच्छंती दिसली. १५ जुलैला वूहाननेही कम्युनिस्टांना बाहेर काढलं. मराठी रॉयवाद्यांच्या लेखनात हा प्रसंग सौम्य होऊन येतो. आमच्या मते तार दाखवणं ही मोठी चूक होती, पण ती न दाखवताही युती वर्ष काढती असं वाटत नाही.

प्रश्न : एकच नाव चार प्रकारे लिहिलेलं दिसतं. काय करावं?

सन यत-सेन, सन वेन आणि सन झोंगशान हा एकच माणूस. कँटन म्हणजे ग्वांगचौ. चिनी कागदांत '१५वं वर्ष' असं दिसलं तर त्यात १९११ मिळवा, म्हणजे १९२६. प्रजासत्ताकाचं पहिलं वर्ष १९१२ आहे. १९१२ च्या आधीच्या तारखा चांद्र पंचांगाच्या असतात, त्या सरळ महिना-दिवस म्हणून वाचू नका. 'शिनहाय क्रांती' यातलं शिनहाय हे १९११ या वर्षाचं साठ नावांच्या चक्रातलं नाव, आपल्या संवत्सरांसारखं. आणि १९२८ नंतरच्या मजकुरात 'बेइपिंग' दिसलं तर ते वेगळं गाव समजू नका. राजधानी नानजिंगला गेल्यावर बीजिंगच्या नावातलं राजधानीसूचक 'जिंग' काढून टाकलं होतं.